पंप बदलायच्या आधी गेज लावा, भाऊ

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की नागपूरच्या ग्रुपांवर दरवर्षी तोच मेसेज फिरू लागतो, तो असा: जुनी पेट्रोल गाडी उन्हात गचके देऊन बंद पडली तर लाइनमध्ये पेट्रोल उकळलंय, पाइपावर ओलं फडकं टाका. चावी फिरवल्यावर पंपाचा आवाज आला तर प्रेशर ठीक. खात्री करायची तर पाइप सैल करून पेट्रोल उडतं का बघा. एवढं करून गाडी चालली नाही तर पंप गेला, बदला. आणि रिझर्व्हवर गाडी पळवू नका.

उकळण्याची गोष्ट कार्बोरेटरच्या गाडीसाठी खरी आहे. तिथे पंप इंजिनला चिकटलेला असतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढणाऱ्या बाजूला दाब कमी, त्यात इंजिनची धग, त्यामुळे वाफ धरते. जुन्या मारुती 800 वाल्यांचं ओलं फडकं तिथलंच. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत पंप टाकीच्या आत असतो आणि पुढची लाइन साधारण 3 बार दाबाखाली असते. एवढ्या दाबाखाली पेट्रोल सहजासहजी उकळत नाही. चालत्या गाडीत वाफ धरलीच, तर दाब आधीच पडलेला होता असं समजा. तो का पडला, हे फडकं सांगत नाही. तापलेली गाडी वीसेक मिनिटं उभी ठेवली आणि मग खूप सेल्फ मारावा लागला, तर प्रकरण वेगळं. पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) किंवा एखादा इंजेक्टर गळत असेल तर उभ्या गाडीत दाब टिकत नाही.

पंपाचा आवाज म्हणजे मोटर फिरते, एवढंच. फिल्टर चोंदला असेल, दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर दाब सोडून देत असेल किंवा टाकीतली रबरी नळी चिरली असेल, तरी पंप तसाच गुणगुणतो.

पाइप सैल करायचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. तापलेल्या इंजिनवर दाबाचं पेट्रोल उडवणार का बाप्पा? आणि पेट्रोल उडालं म्हणजे दाब पुरेसा आहे असंही नाही, 1.5 बारलाही ते उडतंच. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या, ते थंड झालं की रेलला, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला, दाब मोजायचं गेज लावा, मग फ्यूज परत बसवा. आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडून पाहा. रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी असेल तर आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) ती काढून बघा: दाब साधारण अर्धा बार चढायला हवा. नळीत पेट्रोल दिसलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय.

आता ‘पंप बदला’. मीही बदलला होता. माझी 2005 ची हॅचबॅक वर्धा रोडवर चढाला मरायची, आणि गेजवर 1.9 बार. मेकॅनिकने कनेक्टर काढून मीटर लावला. बारा व्होल्ट आले, म्हणून ‘पंपच गेला’ म्हणाला. नवा बसवला, गेजवर पुन्हा 1.9. मग मागची सीट उचलून, कनेक्टर जोडलेला ठेवून, पंप चालू असताना मी स्वतः मोजलं तर जेमतेम साडेनऊ. करंट वाहत नाही तोवर गंजलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. पंप चार-पाच अँपिअर ओढू लागला की अर्ध्या ओहमचा अडथळा दोन-अडीच व्होल्ट खाऊन टाकतो. अर्थिंगच्या वायरचा स्क्रू गंजून हिरवा-तांबडा झाला होता. पॉलिश पेपरने घासला, घट्ट केला, आणि गेजवर 2.9.

रिझर्व्हचं मात्र मेसेजवाल्याचं खरं आहे. पंपाची मोटर पेट्रोलनेच थंड राहते, तेव्हा उन्हाळ्यात पाव टाकी तरी ठेवा.

माझा जुना, चांगला पंप कपाटात पडलाय. नवा परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, ‘इलेक्ट्रिकचा माल वापस नाही होत, भाऊ.’