भातवडीच्या संचाबद्दल आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

आपला अभिप्राय वाचला. संग्रहालय बघून झाल्यावर आपण आमच्या दुकानातून भातवडीच्या लढाईचा पाच छोट्या धातूच्या सैनिकांचा संच नेलात. आपलं म्हणणं असं, की पाचांचे पोशाख एकमेकांशी जुळत नाहीत, उरलेसुरले नग एका डब्यात भरून 3,500 रुपयांना विकलेत. शिवाय घरी लेकरानं खेळायला घेतला तर एकाची तलवार वाकली.

पोशाखाचं आधी सांगतो, कारण ते मनाला लागलं. पोशाख वेगळे आहेत ते मुद्दाम. भातवडीची लढाई 1624 ची. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, त्याच्या फौजेत तेव्हा हबशी होते, दखनी मुसलमान होते, मराठे होते. शहाजीराजे लढले, त्यांचे बंधू शरीफजी तिथंच कामी आले. या फौजेला कुठला आलाय गणवेश? बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, पण शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. मग सगळ्यांची पागोटी एका रंगाची कशी असतील?

खेळण्यातला सैनिक म्हटलं की एकसारख्या कोटांची रांग डोळ्यापुढं येते, ती विलायतेची. विल्यम ब्रिटनच्या कारखान्यानं 1893 पासून आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतले आणि तिकडच्या पलटणी डब्यात घालून विकल्या. त्या पलटणींना गणवेश होताच. तोच आपल्या माणसांच्या अंगावर चढवला तर डबा देखणा दिसेल, पण खोटा होईल. मलिक अंबरानं 1610 मध्ये वसवलेली खडकी म्हणजे आपलं हे संभाजीनगर. इथं बसून तसला डबा मी विकणार नाही.

किमतीबद्दल. प्लास्टिकचे डझनभर सैनिक शंभर रुपयांत मिळतात, खरं आहे. आमचा सैनिक 54 मिलिमीटरचा, आणि त्याच्या पागोट्याचा पीळ, ढालीवरची फुलं, मिशीसुद्धा बारीक ब्रशनं हातानं रंगवलेली असते. एक रंग वाळल्याशिवाय दुसरा लावता येत नाही. वेळेचे पैसे आहेत ते.

तलवार वाकली, कारण धातू कथलाचा आहे. शिसं अपायकारक म्हणून आम्ही वापरत नाही. विल्यम ब्रिटनच्या त्या कारखान्यानंही 1966 मध्ये ते सोडलं. कथील मऊ, त्यात पातं काडीएवढं. म्हणूनच डब्यावर ‘14 वर्षांवरील संग्राहकांसाठी’ असं मराठीत छापलंय. आता एक करा, तलवार घरी सरळ करू नका. पुन्हा पुन्हा वाकवली तर मुठीपाशी तुटते. इकडं आणून द्या, सरळ करून, रंग लावून देतो. पैसे घेणार नाही.

लेकरासाठी मातीचे मावळे आहेत, दिवाळीच्या किल्ल्यावर मांडतात तसे. खुशाल खेळू द्या, पडून फुटला तर दुसरा घेता येतो. आणि संचच नको असेल तर पावती घेऊन या, पूर्ण पैसे परत देतो.