शूटर गेममध्ये ‘कॅम्पेन’ कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी

सध्या आमच्याकडे परभणी, नांदेड, लातूरच्या पोरांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. मूळ कोणाचा कोणास ठाऊक, पण जो तो आपल्याच मनातलं असल्यासारखा पुढे ढकलतोय. त्याचं सार असं: शूटर गेममधलं, म्हणजे बंदुका चालवायच्या व्हिडिओ गेममधलं, एकट्याने खेळायचं कॅम्पेन म्हणजे निव्वळ भरती. एक, त्यात गोष्ट नावालाच असते. दोन, पाच-सहा तासांत खेळ खल्लास, पैसे पाण्यात. तीन, कॉम्प्युटरचे शत्रू मठ्ठ असतात, खरा कस माणसासमोरच लागतो. चार, कंपन्यांनीच आता कॅम्पेन गुंडाळलंय. पाच, आपल्या भागात हे असलं चालत नाही, त्यापेक्षा फुकटातलं बॅटल रॉयल (पबजीसारखं, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला) बरं.

मला बॅटल रॉयलचं वावडं नाही. चौघांनी एका खोलीत बसून आरडाओरडा करत खेळण्यातली मजा मीही घेतो. पण त्यासाठी दुसऱ्याला खोटं ठरवायची गरज काय?

चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो एका दमात निकालात निघतो. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ने २०१८ साली ‘ब्लॅक ऑप्स ४’मधून नेहमीचं कॅम्पेन काढून टाकलं. पुढच्याच वर्षी ‘मॉडर्न वॉरफेअर’मध्ये ते परत आलं. ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट’ २०१५ मध्ये कॅम्पेनशिवाय आला, त्यावरून टीका झाली आणि २०१७ च्या दुसऱ्या भागात कॅम्पेन होतं. ‘बॅटलफिल्ड २०४२’ने २०२१ मध्ये तोच प्रयोग केला आणि २०२५ च्या ‘बॅटलफिल्ड ६’मध्ये कॅम्पेन पुन्हा हजर. या कंपन्या काही दानधर्म करायला बसलेल्या नाहीत. उलट बाजूला ‘डूम: द डार्क एजेस’ बघा, २०२५ चा खेळ, त्यात मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांबरोबर ऑनलाइन खेळायची सोय, मुळातच नाही. आणि निव्वळ मल्टिप्लेअरवर भिस्त ठेवून सोनीने आणलेला ‘कॉन्कॉर्ड’? २३ ऑगस्ट २०२४ ला बाजारात आला, ६ सप्टेंबरला सर्व्हर बंद. कंपनीला लोकांचे पैसे परत करावे लागले. गुंडाळलं काय गेलं ते आता तुम्हीच सांगा.

आता पहिला मुद्दा, म्हणजे गोष्टीचा. शेजारचा अकरावीतला पोरगा मला म्हणाला, “दादा, निस्तं पळायचं आन् मारायचं, त्यात कशाची ष्टोरी?” त्याची चूक नाही, त्याने जे खेळलंय त्यात तेवढंच आहे. मी त्याला दोन प्रसंग सांगितले, तेच इथे सांगतो.

पहिला २००७ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी ४: मॉडर्न वॉरफेअर’मधला. एका मोहिमेत तुम्ही एसी-१३० या प्रचंड विमानात तोफेवर बसलेले असता. समोर कृष्णधवल पडदा. खाली अंधारात माणसं दिसतात ती पांढऱ्या ठिपक्यांसारखी. शेजारचे सहकारी कचेरीत फाईल पुढे सरकवावी इतक्या थंड आवाजात सांगतात, तो पळतोय, त्याला घे. चर्चला मात्र धक्का लावायचा नाही, असंही बजावतात. ठिपका विझतो, पुढचा ठिपका. त्या वेळी सगळ्यांना हे भारी वाटलं, मलाही वाटलं. भारी वाटतंय याचीच जरा भीती वाटावी, असं त्या मोहिमेत काहीतरी आहे, पण खेळ ते बोलून दाखवत नाही.

ते बोलून दाखवलं २०१२ च्या ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ने. यागर नावाच्या जर्मन स्टुडिओचा खेळ. दुबई म्हटलं की आपल्याकडे नोकरी आणि सोनं आठवतं. इथली दुबई वाळूच्या वादळांखाली गाडली गेलीय. तुम्ही कॅप्टन वॉकर. एका ठिकाणी वाट अडते आणि पांढऱ्या फॉस्फरसच्या (माणसं जाळणाऱ्या रसायनाच्या) उखळी माऱ्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुन्हा तोच वरून दिसणारा पडदा, तेच पांढरे ठिपके. फरक एवढाच, की पडद्याच्या काचेत वॉकरचा स्वतःचा चेहरा दिसत राहतो. मारा संपतो. नेहमीचा खेळ असता तर इथे शाबासकी मिळून पुढची मोहीम सुरू झाली असती. इथे तुम्हाला खाली उतरून, त्या जळालेल्या जागेतून पायी जावं लागतं. आणि मग कळतं की ठिपक्यांचा जो मोठा घोळका आपण टिपला तो सैनिकांचा नव्हता. आसरा घेतलेली साधी माणसं होती ती.

काहींचं म्हणणं असतं, ही फसवणूक आहे, दुसरा मार्गच दिला नाही आणि वर दोष आम्हाला. आक्षेप अगदीच गैर नाही. पण याच प्रसंगावर लोक अजून हमरीतुमरीवर येतात. ‘गोष्ट नावालाच’ असती तर भांडायला तरी कोण बसलं असतं? शिवाय ही गोष्ट सिनेमात अशी सांगता येत नाही. सिनेमात बटण दुसरं कोणीतरी दाबतं.

गोष्ट म्हणजे लांबलचक संवाद, असंही नाही. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’मध्ये नायक गॉर्डन फ्रीमन एक अक्षर बोलत नाही. सुरुवातीला तो ट्राममधून जमिनीखालच्या प्रयोगशाळेत कामावर निघालाय, एवढंच. खिडकीतून जे दिसेल ते बघायचं. खेळ थांबवून सिनेमा दाखवायचा, हा प्रकार त्यात नाही. जे घडतं ते तुमच्या डोळ्यांदेखत, कंट्रोल तुमच्या हातात असताना. २०१६ चा ‘डूम’ तर गोष्टीचीच खोडी काढतो. लिफ्टमध्ये पडद्यावरचा बडा साहेब मानवजातीच्या भल्याचं पुराण लावतो, नायक खाली पडलेल्या प्रेताकडे एकदा बघतो आणि ठोसा मारून पडदाच उडवतो. एका शब्दाशिवाय माणूस कळला की नाही? ‘बायोशॉक’बद्दल मी काहीच सांगणार नाही. समुद्राच्या तळाशी बांधलेलं रॅप्चर शहर, साल २००७, एवढं पुरे. ज्याने खेळलेला नाही त्याला कोणी शेवटाकडचा भाग सांगत असेल तर त्याने तिथून सरळ उठून जावं.

आणि हो, सगळी कॅम्पेनं सोन्याची नसतात. झेंडा फडकवायचा, हेलिकॉप्टर पाडायचं, कर्नलने शेवटी गद्दारी करायची, असली रतीब घातलेली कॅम्पेनं ढिगाने आहेत. त्यांची बाजू मी घेत नाही.

लांबीचा मुद्दा. पाच-सहा तास म्हणजे कमी, हे कोणत्या हिशोबाने? एकांकिका बघून कोणी तीन अंकांचे पैसे मागत नाही. ‘टायटनफॉल २’ घ्या, २०१६ चा. पहिल्या भागात धड कॅम्पेनच नव्हतं, सगळी मदार मल्टिप्लेअरवर. दुसऱ्यात ते दिलं, साधारण सहा तासांचं, आणि आज हा खेळ लोक त्यासाठीच शोधत येतात. त्यातली ‘इफेक्ट अँड कॉज’ ही एक मोहीम जवळून बघण्यासारखी आहे. उद्ध्वस्त झालेली संशोधन संस्था. भिंती कोसळलेल्या, आगी लागलेल्या, जनावरं मोकाट. तुमच्या मनगटावर एक यंत्र येतं. बटण दाबलं की त्याच जागी, पण भूतकाळात. इमारत धडधाकट, दिवे लख्ख, पहारेकरी सावध. पुन्हा दाबलं की आजचे अवशेष. सुरुवातीला हे गमतीचं वाटतं: इथे आग आहे ना, मग भूतकाळात जाऊन ती जागा ओलांडा. मग खेळ हळूहळू स्क्रू आवळतो. तुम्ही भिंतीवरून धावताय, भिंत संपली, पुढची भिंत फक्त भूतकाळात शाबूत आहे; हवेत असतानाच काळ बदलायचा, पाय टेकवायचे, उडी मारायची आणि पुन्हा आज. तीन शत्रूंनी घेरलं की भूतकाळात सटकायचं, चार पावलं चालायचं आणि त्यांच्या पाठीमागे वर्तमानात उगवायचं.

एवढी करामत आणि मोहीम संपली की यंत्र काढून घेतात. दुसरी कोणी कंपनी असती तर या एका कल्पनेवर वीस तासांचा खेळ ताणला असता. इथे हात बसतो ना बसतो तोवर ती बाजूला, पुढच्या मोहिमेत वेगळंच काहीतरी. सहा तास इतके गच्च भरलेले असतात तेव्हा तासाचा भाव काढत बसणं मला तरी जमत नाही. आणि ‘फुकट’ खेळणारी किती पोरं बंदुकीच्या रंगासाठी यूसी (खेळातलं चलन) विकत घेतात, ते त्यांच्या वडिलांना विचारा.

मठ्ठ शत्रूंबद्दल. २००५ च्या ‘फिअर’मधले सैनिक एकमेकांना हाका मारून तुमची जागा सांगतात, टेबल-कपाटं आडवी पाडून आडोसा करतात, दोघे समोरून गुंतवून ठेवतात आणि तिसरा बाजूच्या दाराने येतो. वीस वर्षं झाली, अजून त्याचं नाव निघतं. बरं, माणसासमोर खेळतो म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की पबजीच्या मोबाईल अवतारात खालच्या रँकच्या मॅचेस बॉट, म्हणजे कॉम्प्युटरचे खेळाडू, टाकूनच भरल्या जातात. पहिल्या आठवड्यात ‘चिकन डिनर’ (म्हणजे मॅच जिंकल्याची पावती) मिळालं म्हणून स्टेटस ठेवणाऱ्याने यावर शांतपणे विचार करावा.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. कस लागायला शत्रू हुशारच असावा लागतो, असं नाही. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत तासावर पैसे भरून ज्यांनी ‘प्रोजेक्ट आयजीआय’ खेळलाय त्यांना हे पाठ आहे. नॉर्वेतल्या स्टुडिओने २००० साली काढलेला खेळ, मल्टिप्लेअर नाहीच. शिपाई काही फार अकलेचे नव्हते. पण मोहिमेच्या मधे सेव्ह करता येत नसे. अर्धा तास सरपटत, कॅमेरे बंद करत, दुर्बिणीतून बुरुज बघत जायचं आणि शेवटच्या फाटकाशी एका कॅमेऱ्यात दिसलात की अलार्म, बराकीतून शिपायांची रांग, आणि पुन्हा पहिल्यापासून. मागे उभी असलेली पोरं सल्ले द्यायची ते वेगळंच. ‘मेट्रो २०३३’ने आणखी एक पेच टाकला: त्यातल्या मेट्रोच्या भुयारांत चांगल्या प्रतीच्या गोळ्या हेच चलन. बंदुकीत भरल्या तर जास्त मार बसतो, पण मग बाजारात विषारी हवेपासून वाचवणाऱ्या मुखवट्याचा फिल्टर कशाने घेणार? नेम कितीही चांगला असला तरी हा हिशोब चुकला की माणूस गुदमरून मरतो.

राहिला आपल्या भागाचा मुद्दा, आणि मेसेजमधला हा सगळ्यात उलटा मुद्दा आहे. मॅचच्या ऐन रंगात रेंज गेली की मॅच गेली. लाईट गेली की राऊटर गेला. आईने हाक मारली तर बॅटल रॉयल थांबवता येत नाही, कॅम्पेन येतं. लाईट परत आली की शेवटच्या चेकपॉइंटवरून (खेळ आपोआप सेव्ह झाला तिथून) सुरू. लातूरच्या होस्टेलात क्लास आणि अभ्यासिका यांच्यामध्ये तासभर मिळतो, त्यात एक टप्पा पार करून लॅपटॉप मिटता येतो. वर सर्व्हरवरच्या खेळांचा भरवसा किती? पबजी मोबाईलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला. बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, जुलै २०२२ मध्ये अ‍ॅप स्टोअरमधून गायब झाला तो मे २०२३ मध्ये परतला. ‘स्पेक ऑप्स’ही जानेवारी २०२४ मध्ये परवाने संपल्यामुळे विक्रीतून काढला गेला, हे मान्य. पण ज्यांनी तो आधी घेतला होता ते आजही खेळतात.

डाउनलोडची अडचण मात्र खरी आहे. नवे कॉल ऑफ ड्यूटी शंभर जीबीच्या वर जातात. दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर ते या जन्मी उतरायचे नाहीत. म्हणून जुन्यांपासून सुरू करा. ‘हाफ-लाइफ २’ ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या लॅपटॉपवरही चालतो, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये वीस वर्षं झाली म्हणून तो काही दिवस फुकट वाटला होता. बाकीचे सेलमध्ये पिझ्झ्यापेक्षा स्वस्त पडतात. दोघांनी तोच खेळ घेतला असेल, तर ज्याच्याकडे ब्रॉडबँड आहे त्याने स्टीमवर (खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर) उतरवावा आणि दुसऱ्याने ते फोल्डर हार्ड डिस्कवरून उचलून आपल्या खात्यात लावावं, डेटा वाचतो. फक्त ऑफलाइन मोडवर जाण्याआधी नेट असतानाच खेळ एकदा उघडून बघा. नाहीतर गावी गेल्यावर लॅपटॉप चार्ज असतो, रात्र मोकळी असते आणि खेळ लॉगिन मागत बसतो.