बेसुरांच्या सहवासात कसे वागावे

कोजागिरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध उकळू लागलेले असते, ब्लूटूथ स्पीकर एका प्लास्टिकच्या खुर्चीवर विराजमान झालेला असतो आणि बी विंगमधले निवृत्त गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून मोबाइलमध्ये कराओकेचा ट्रॅक शोधू लागतात, तेव्हा आपण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : पुढच्या पाच मिनिटांत अपराध घडलाच, तर तो त्यांच्या गळ्यात नव्हे, आपल्या चेहऱ्यावर घडणार आहे. गाणारा सुरावरून घसरला तर ती हौस ठरते. ऐकणाऱ्याची भुवई वर गेली तर तो शिष्टपणा ठरतो.

म्हणून पूर्वतयारी करायची ती चेहऱ्याची. ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो, गृहस्थांचा गळा तिच्या बराच खाली रमणारा असतो, आणि ट्रॅक दोन पट्ट्या खाली उतरवणारे बटण त्यांच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर असूनही त्याला आजवर कोणी हात लावलेला नाही. मुखडा कसाबसा निभावतो. अंतऱ्यात तार षड्ज, म्हणजे वरचा सा, दिसू लागला की मानेच्या शिरा तट्ट फुगतात, टाचा उचलल्या जातात आणि सूर मात्र खालच्या निषादापाशीच बसकण मारतो. त्या क्षणी आपण हातातल्या पेल्यात पाहावे आणि दुधावर तरंगणाऱ्या चारोळ्या मोजाव्यात. शेजारच्या जाणकाराकडे चुकूनही पाहू नये, कारण दोन जाणकारांची नजरानजर झाली की हसू आवरत नाही. टाळ्यांनी ठेका तर मुळीच धरू नये. गृहस्थ दोन मात्रा उशिरा आले, तर त्याचा दोष आपल्या हातांवर येतो.

(खरे तर पूर्ण बेसूर माणूस सुसह्य असतो. त्याचे गाणे आपण गाणे म्हणून ऐकणेच सोडून देतो. जीव जातो तो कणसुरामुळे, म्हणजे कणभरच चुकलेल्या सुरामुळे; भातातल्या खड्यासारखा तो नेमका दाढेखाली येतो. ज्यांनी लहानपणी तीन वर्षे पेटीच्या क्लासला घालवली, त्यांना हे दुःख अधिक, मी त्यांतलाच.)

गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हवेतून येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो आणि त्यामुळे तो अधिक भरदार वाटतो. म्हणजे गृहस्थ ज्या मैफलीत बसलेले असतात, तिचे आमंत्रण आपल्याला नसतेच. रेकॉर्डिंग ऐकवून त्यांना तिथून उठवणे हा निव्वळ क्रूरपणा होय.

दाद देताना सूर सोडून कशाचीही स्तुती करावी. ‘शब्द किती स्वच्छ!’, ‘या वयात एवढा दम!’ आणि अगदीच काही सुचले नाही तर ‘स्पीकर कितीला पडला?’ ही वाक्ये निर्धोक आहेत. ‘अप्रतिम’ हा शब्द टाळावा, कारण त्यावर दुसरे गाणे मिळते.

कायद्याकडे धाव घेऊन उपयोग नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, परंतु कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार लागल्यास कोणत्या कलमाखाली तक्रार नोंदवावी, याविषयी ते मौन बाळगतात. शिवाय तक्रार करायची ती सेक्रेटरींकडे, आणि पुढचा नंबर त्यांचाच असतो.

त्यापेक्षा 2004 साली देण्यात आलेले इग्नोबेल, म्हणजे नोबेलच्या धर्तीवरचे गमतीदार, पारितोषिक आठवावे. 1971 साली जपानमधल्या कोबे शहरात कराओकेचे यंत्र बनवणाऱ्या दाइसुके इनोउए यांना ते मिळाले, एकमेकांना सहन करायला शिकण्याचा नवा मार्ग माणसांना दाखवून दिल्याबद्दल. विभाग संगीताचा नव्हता, शांततेचा होता. परीक्षकांनी बहुधा एखादी कोजागिरी पाहिली असावी.

इतके सगळे पार पडले की माइक आपल्याकडे येतो. आपण दोनदा ‘घसा बसलाय’ म्हणावे आणि तिसऱ्या आग्रहाला खिशातून गाण्याची घडी घातलेली चिठ्ठी काढावी. आपली पट्टी आपल्याला नीट ठाऊक असल्यामुळे बटणाकडे पाहण्याची गरज नसते. मुखडा झकास जमतो, अंतऱ्यालाही आपण डोळे मिटूनच हात घालतो. मात्र षड्जावर ते किंचित उघडले, तर समोर बी विंगमधले गृहस्थ पेल्यात वाकून काहीतरी बारकाईने पाहताना दिसतात. त्यांना चारोळ्या फारच आवडत असाव्यात.