खुलासा: पन्नाशीनंतर वजन उचलण्याबद्दलचा तो मेसेज

परवा आपल्या ग्रुपवर मीच एक मेसेज पुढे ढकलला: ‘पाळी गेल्यावर बायकांनी ५ किलोच्या वर काही उचलू नये, हाडं मोडतात, गेलेली ताकद परत येत नाही.’ तो चुकीचा आहे. पडताळणी न करता पाठवला, चूक माझी.

पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) घटतं आणि हाडांची झीज वाढते, एवढं खरं. पण म्हणून जपून बसणं हा उपाय नव्हे. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या १०१ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाने ८ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, देखरेखीखाली चांगलं जड वजन उचललं. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले: त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता जवळपास ३ टक्के वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. ताकदीचं म्हणाल, तर अमेरिकेत १९९० मध्ये नव्वदीच्या वृद्धांची पायांची ताकद वजनाच्या व्यायामाने ८ आठवड्यांत दुपटीहून वाढली होती!

तसंही दळणाचा डबा गिरणीतून घरी कोण आणतं? माझी आई, वय ६८. मेसेज वाचून तिने दोन दिवस डबा मला आणायला लावला, तेव्हा माझे डोळे उघडले.

हाड मोडलेलं असेल, अंग बाहेर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि सुरुवात हलक्या वजनाने करा. जुना मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात, त्यांना हा पाठवा.