पाठीतली सुई आणि कंबरदुखी: खुलासा

‘सिझेरियनला पाठीत भुलीची सुई टोचली की कंबर जन्माची गेली,’ असा मेसेज फिरतोय. तसं नाही. टोचलेली जागा काही दिवस दुखते. क्वचित उठून बसल्यावर डोकं ठणकतं, त्यावर उपचार आहेत. कंबर तर नॉर्मल बाळंतिणींचीही दुखते: गरोदरपणात सैल झालेले सांधे, ताणलेले पोटाचे स्नायू, वाकून पाजणं. (विश्रांती किती मिळते, ते घरोघरी ठाऊक आहेच.) सिझेरियनचे खरे धोके वेगळे: टाके पिकणं, पायात रक्ताची गुठळी, पुढच्या खेपेला वार (पोटात बाळाला पोसणारा, नाळेला जोडलेला भाग) जुन्या व्रणात रुतून बसणं. नॉर्मलनंतर खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याची तक्रार जास्त. पोटरी सुजून दुखली, ताप आला किंवा रक्तस्राव वाढला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.