‘आपण सगळे प्रयोगाचे उंदीर’ : त्या मेसेजला उत्तर

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं : औषधं फक्त उंदरांवर तपासतात, उंदराचं माणसाला लागू पडत नाही, खरा प्रयोग आपल्यावरच होतो. पुरावा म्हणून आपल्या शहरातल्या क्लिनिकल ट्रायल (माणसांवर होणाऱ्या औषधांच्या चाचण्या) आणि छिंदवाड्याचं कफ सिरप. तेव्हा गोळ्या बंद करा, नैसर्गिक तेच घ्या. सुदामानगरातल्या ओळखीच्या एका काकूंनी हे वाचून बीपीची गोळी सोडली. मी फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचं शास्त्र, शिकवते. गप्प बसणं मला शक्य नाही.

‘उंदराचं माणसाला लागू पडत नाही.’ हे अर्धंच खरं आहे. मेसेजमध्ये थॅलिडोमाइडचा दाखला दिलाय. ते १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीला आलं, गरोदर बायकांनी मळमळीसाठी घेतलं, आणि हजारो बाळं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली. १९६१ मध्ये ते तिथल्या बाजारातून काढलं. पण विकायला आणण्याआधी ते गाभण जनावरांवर तपासलंच नव्हतं, हे मेसेज सांगत नाही. पुढे तपासलं तेव्हा उंदरांत फारसं काही दिसलं नाही, सशांच्या पिलांत मात्र व्यंगं दिसली. म्हणून आज गर्भावरचा परिणाम सहसा दोन जातींवर पाहतात : एक उंदीर-घुशीच्या वर्गातली आणि एक त्याबाहेरची, बहुधा ससा.

आणि गाडी जनावरांवर थांबत नाही. आधी थोडे स्वयंसेवक, मग काहीशे रुग्ण, मग बऱ्याचदा हजारो. २००६ साली लंडनमध्ये एका नव्या औषधाचा पहिला डोस सहा निरोगी तरुणांना काही मिनिटांच्या अंतराने दिला. माकडांना सोसला त्याच्या पाचशेव्या भागाइतकाच होता तो, तरी सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. तेव्हापासून अशा औषधाचा पहिला डोस आधी एकालाच देतात, थांबतात, त्याचं काय होतंय ते बघतात आणि मगच पुढे जातात.

‘इंदूरमध्ये गरिबांवर प्रयोग झाले.’ इथे मी मेसेज लिहिणाऱ्याशी वाद घालणार नाही. नीट न सांगता, समजू न देता लोकांना ट्रायलमध्ये घेतल्याच्या तक्रारी आपल्याच शहरातून झाल्या, आणि त्यांचा राग मलाही येतो. पण पुढचंही सांगायला हवं. इथल्या स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१३ मध्ये नुकसानभरपाईचे नियम आले, संमती घेतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग आलं (आता ते दुर्बल गटांतल्या लोकांवरच्या, अगदी नव्या औषधी रेणूंच्या (पूर्वी न वापरलेल्या रसायनांच्या) ट्रायलला सक्तीचं आहे), आणि २०१९ मध्ये ट्रायलची स्वतंत्र नियमावली झाली. ट्रायलमध्ये कुणाला घेत असतील तर संमतीपत्राची प्रत मागून घ्या, तो त्याचा हक्क आहे. वर्षानुवर्षं वापरात असलेली बीपीची गोळी थांबवण्याचं कारण यातून निघत नाही.

‘छिंदवाड्याचं सिरप तपासलेलंच होतं ना?’ माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि मेसेजने तो पार उलटा मांडलाय. २०२५ मध्ये तिथली लहान मुलं किडन्या निकामी होऊन गेली. सर्दी-खोकल्याची ती औषधं जुनी, माहीत असलेली. घात केला डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवाने. सिरपमध्ये त्याची मर्यादा ०.१ टक्का, त्या बाटल्यांत सुमारे ४८ टक्के निघालं. सिरपमध्ये औषध विरघळवायला वापरतात त्या प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखंच ते दिसतं : पाण्यासारखं रंगहीन, जरा दाट, चवीला गोडसर. कच्च्या मालाच्या ड्रमावरचं लेबल वाचून किंवा डोळ्यांनी फरक कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतो. याच विषाने १९३७ साली अमेरिकेत शंभरावर माणसं मेली, १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा. म्हणजे चाचणी ठाऊक आहे, अवघडही नाही. ती केली नाही, किंवा केलीय की नाही हे कुणी पाहिलं नाही, म्हणून मुलं गेली. आपण मागायचं ते हे, की प्रत्येक ड्रम तपासा आणि तपासणाऱ्यावर नजर ठेवा. ‘चाचण्या म्हणजे नाटक’ म्हटलं की नेमकी हीच मागणी मरते.

‘नैसर्गिक औषधांना साइड इफेक्ट नसतात.’ साफ चूक. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवायच्या एका चिनी वनस्पतीच्या मिश्रणाने शंभराच्या आसपास बायकांच्या किडन्या खराब झाल्या. किती घेतलं आणि किती दिवस घेतलं, हे वनस्पतीलाही विचारावंच लागतं.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये आलीच नाही. दहा हजारांत एखाद्यालाच होणारा त्रास तीन हजारांच्या ट्रायलमध्ये बहुधा दिसतच नाही. तो औषध बाजारात आल्यावर, लोकांनी कळवला तरच कळतो. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री नंबर आहे, आणि रुग्णांनी स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही मिळतो. पूर्ण नाव लागत नाही, आद्याक्षरं पुरतात. औषधाचं नाव, कधी सुरू केलं, काय झालं ते लिहा. स्ट्रिप फेकू नका, बॅच नंबर तिच्यावरच असतो. आणि काकू, गोळी आजपासून पुन्हा सुरू करायची का, हे तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा.