प्राण्यांच्या दवाखान्यात पाणी नेमके कुठे जाते?

या उन्हाळ्यात इंदूरच्या मराठी घरांतून एक संदेश फिरतो आहे. तो मला आधी राजेंद्रनगरातून आला, मग सुदामानगरातून आला, आणि शेवटी रामबागेतल्या मावशीनेही पाठवला. त्याचे म्हणणे असे की, प्राण्यांचे दवाखाने रोज हजारो लीटर पाणी उधळतात आणि त्यांनी पाच गोष्टी केल्या तर निम्मे पाणी वाचेल: हात धुण्याऐवजी सॅनिटायझर लावावे, फरशी आणि पिंजरे धुण्याऐवजी जंतुनाशकाच्या फडक्याने पुसावेत, धुणे अटळच असेल तर ते पाणी साठवून बागेला द्यावे, एसीतून ठिबकणारे पाणी ऑटोक्लेव्हमध्ये (अवजारे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालावे, आणि भरती केलेल्या प्राण्यांच्या वाट्यांत दिवसातून दोनदाच पाणी भरावे.

मी या शहरात पशुवैद्यक म्हणून काम करते आणि संदेशामागची कळकळ मला मनापासून मान्य आहे. आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून विंध्याचा चढ चढवून आणलेले असते. 1970 साली त्याच्यासाठी हे शहर रस्त्यावर उतरले होते, 1978 मध्ये ते येथे पोहोचले, आणि आजही अनेक वस्त्यांत ते एक दिवसाआड येते. माझ्या दवाखान्यालाही मे महिन्यात टँकर बोलवावा लागतो. पण या संदेशातल्या पाचपैकी चार सूचना जशाच्या तशा पाळल्या, तर प्राण्यांना आणि त्यांना हाताळणाऱ्या माणसांना इजा होईल, आणि तेवढे करूनही पाणी फारसे वाचणार नाही. म्हणून प्रत्येक मुद्द्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा हातांचा. तो अर्धा बरोबर आहे. नुसती छाती तपासली किंवा लस टोचली, हात दिसायला स्वच्छ आहेत, अशा वेळी अल्कोहोलयुक्त द्रव 20 ते 30 सेकंद चोळणे पुरेसे असते. मात्र हाताला रक्त, मूत्र किंवा विष्ठा लागलेली असेल तर त्या थराखाली अल्कोहोल नीट पोहोचत नाही. शिवाय कुत्र्यांच्या पार्वो विषाणूला बाहेरचे स्निग्ध आवरण नसल्यामुळे अल्कोहोल त्याच्यावर फारसे चालत नाही. तेथे साबण आणि पाणीच लागते.

संदेशाने जेथे पाहिलेच नाही, तेथे मात्र ही सूचना फार उपयोगी आहे, आणि ती जागा म्हणजे शस्त्रक्रियागृह. शस्त्रक्रियेपूर्वी नळ सुरू ठेवून पाच मिनिटे हात घासण्याची जुनी पद्धत आहे. नळातून मिनिटाला 8 लीटर पाणी येत असेल तर एका व्यक्तीमागे 40 लीटर जातात. दिवसाच्या आरंभी हात आणि नखे साबणाने नीट धुऊन कोरडी करावीत आणि नंतरच्या शस्त्रक्रियांसाठी, हात स्वच्छ असतील तर, शस्त्रक्रियेसाठीच बनवलेला अल्कोहोलयुक्त द्रव वापरावा, ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही मान्य आहे. ज्यांना घासण्याचीच सवय आहे त्यांनी कोपराने उघडणारा नळ बसवावा आणि घासताना तो बंद ठेवावा.

येथेच एक प्रसंग सांगते, कारण हा लेख लिहायला तोच कारण झाला. आमच्या मदतनिसाच्या मनगटाला एका कुत्र्याने चावा घेतला. तो नळाखाली हात धरून साबणाने जखम धूत होता. रांगेत बसलेले एक काका उठले, दोन मिनिटांतच त्यांनी नळ बंद केला आणि म्हणाले, “पुरे झाले हो, आता सॅनिटायझर लावा.” त्यांनी तो संदेश वाचलेला होता. रेबीजचा संशय असलेली जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवायची असते, आणि त्यानंतर लस व गरजेप्रमाणे प्रतिद्रव्ये घ्यायचीच असतात. नळाची धार मिनिटाला 3 लीटरवर आणली तर या धुण्याला 45 लीटर लागतात. धार बारीक करावी, पण वेळ कमी करू नये.

दुसरा मुद्दा फरशी आणि पिंजऱ्यांचा, आणि या साऱ्या वादाचा गाभा येथेच आहे. पार्वो झालेल्या पिल्लाच्या रक्तमिश्रित जुलाबात विषाणूंची संख्या प्रचंड असते, आणि ते जमिनीवर कित्येक महिने टिकून राहतात. त्यांना मारण्यासाठी आम्ही सोडियम हायपोक्लोराइटचे, म्हणजे ब्लीचचे, द्रावण वापरतो. परंतु विष्ठा, लाळ, केस यांच्या संपर्कात आले की या द्रावणाची ताकद त्या घाणीवरच खर्च होते आणि विषाणू जिवंत राहतो. म्हणजे न धुतलेल्या जागेवर जंतुनाशकाचे फडके फिरवले तर जागा निर्जंतुक होत नाही, उलट तेच फडके पुढच्या पिंजऱ्यात विषाणू नेऊन ठेवते, जेथे कदाचित लसीसाठी आलेले दीड महिन्याचे पिल्लू बसलेले असते. पार्वोने पिल्लू दगावताना ज्यांनी पाहिले आहे, ते या ठिकाणी दोन बादल्यांचा हिशेब करणार नाहीत.

तरीही धुण्यात पाणी उधळले जाते हे खरेच आहे, आणि ते क्रम चुकल्यामुळे जाते. आमच्याकडे पूर्वी पिंजऱ्यातली घाण पाइपाच्या जोराने मोरीपर्यंत ढकलत असत. एकदा मी त्या पाइपाखाली 15 लीटरची बादली धरली, तर ती 50 सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला 18 लीटर, आणि दहा मिनिटे धुतले की 180 लीटर. आता आम्ही आधी कागदाने आणि पत्र्याच्या खरवडणीने सारी घाण कोरडीच उचलतो व जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकतो. मग अर्ध्या बादलीत डिटर्जंट घालून ब्रशने घासतो आणि ते पाणी वायपरने ओढून काढतो. त्यानंतर साधारण 5 टक्के तीव्रतेच्या हायपोक्लोराइटचा एक भाग आणि पाणी 30 भाग असे ताजे द्रावण पसरवून दहा मिनिटे जागेला हात लावत नाही, आणि शेवटी पुन्हा थोड्या पाण्याने धुऊन फरशी कोरडी करतो. या द्रावणात आम्ल किंवा दुसरे कोणतेही रसायन मिसळू नये, कारण विषारी वायू तयार होतो. मांजरे ठेवण्याच्या जागी काळे फिनाइल तर वापरूच नये. त्यातले फिनॉल मांजरांना विषारी असते, आणि अंग चाटण्याच्या सवयीमुळे ते सहज त्यांच्या पोटात जाते. फरशी कोरडी करण्याचा आग्रह लेप्टोस्पायरामुळे आहे. बाधित कुत्र्याच्या किंवा उंदराच्या मूत्रातून येणारे हे जिवाणू ओल्या जागी आणि साचलेल्या पाण्यात टिकतात, कोरडेपणात मरतात, आणि माणसालाही आजारी करतात.

तिसरा मुद्दा या जिवाणूंमुळेच निकालात निघतो. पिंजरे धुतलेले पाणी पिंपात साठवून बागेला घालणे म्हणजे रोग अंगणात नेऊन ओतणे होय. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम 2016 पशुवैद्यकीय संस्थांनाही लागू आहेत, आणि त्यांनुसार असे द्रव सांडपाणी गटारात सोडण्यापूर्वीच त्यावर प्रक्रिया करावी लागते. यावर कोणी म्हणेल की इंदूरला 2021 मध्ये देशातले पहिले ‘वॉटर प्लस’, म्हणजे सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते पुन्हा वापरणारे, शहर ठरवले गेले आणि येथील उद्यानांना सांडपाणीच दिले जाते. ते पाणी शुद्धीकरण केंद्रातून प्रक्रिया होऊन आलेले असते. दवाखान्यातले पुन्हा वापरण्याजोगे पाणी वेगळेच आहे, आणि ते आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी. घरगुती यंत्रे एका लीटरमागे बहुधा दोन-तीन लीटर पाणी बाहेर टाकतात. ते क्षारयुक्त असले तरी रोगट नसते, म्हणून फरशीच्या पहिल्या धुण्याला आणि संडासाला उत्तम चालते.

एसीचे पाणी ऑटोक्लेव्हमध्ये घालू नये. त्यात क्षार कमी असतात हे खरे, परंतु ते धूळ बसलेल्या धातूच्या नळ्यांवरून आणि शेवाळलेल्या तबकातून येते, आणि त्यामुळे यंत्र व अवजारे दोन्ही खराब होऊ शकतात. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात, म्हणजे नेमकी टंचाई असते तेव्हा, ते मिळतेही कमी. शिवाय आमच्यासारख्या लहान दवाखान्यातल्या ऑटोक्लेव्हला एका वेळी काही लीटरच लागतात. तेवढे ऊर्ध्वपातित पाणी विकत आणावे.

पाचवी सूचना वाचून मला खरोखर वाईट वाटले. निरोगी कुत्र्याला दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 50 ते 60 मिलीलीटर पाणी लागते. वीस किलोच्या दहा कुत्र्यांचे मिळून 10 ते 12 लीटर होते, म्हणजे आमच्या त्या पाइपाच्या एका मिनिटापेक्षाही कमी. एवढ्यासाठी जुलाबाने कोरड्या पडलेल्या किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने सतत तहानलेल्या प्राण्यापुढे रिकामी वाटी ठेवायची काय? शस्त्रक्रियेपूर्वी रात्रीपासून पाणी तोडावे, असेही त्या संदेशात लिहिले आहे. अन्न काही तास बंद ठेवावे लागते, पण बहुतेक निरोगी प्रौढ प्राण्यांना भुलीपूर्वीचे औषध देईपर्यंत पाणी ठेवता येते, आणि नेमकी वेळ त्यांचा डॉक्टर ठरवतो.

संदेशात नसलेल्या दोन जागा मात्र पाहण्यासारख्या आहेत. त्वचारोगाचा औषधी शांपू अंगावर सुमारे दहा मिनिटे राहू द्यावा लागतो. त्या वेळात नळ बंद ठेवला आणि आधी विंचरून गळके केस काढून टाकले, तर पाणी वाचते आणि औषधालाही काम करायला वेळ मिळतो. दुसरी जागा गळतीची. सेकंदाला एक थेंब, आणि थेंब पाव मिलीलीटरचा धरला, तर दिवसाचे साडेएकवीस लीटर होतात. दवाखाना बंद करताना टाकीतल्या पातळीवर खडूने खूण करावी आणि सकाळी नळ येण्यापूर्वी ती पाहावी. आम्ही असे केले तेव्हा खूण चार बोटे उघडी पडलेली दिसली. संडासाच्या फ्लशचा बॉलकॉक अडकून पाणी रात्रभर भांड्यात उतरत होते, आणि त्याच दिवशी प्लंबरला बोलावून तो बदलून घेतला.